अशोक सराफ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अशोक सराफ यांच्याबद्दल जे विचारलं जातं त्यातले निम्मे प्रश्न 'अशी ही बनवाबनवी'भोवती फिरतात, आणि उरलेल्या निम्म्यांत लोकांना त्यांचे संवाद आठवून पुन्हा एकदा हसायचं असतं. त्यात गैर काही नाही. पण त्यांच्या नावामागे सरसकट 'विनोदवीर' लावलं की मला दर वेळी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. माझ्या लेखी ते आधी चरित्र अभिनेते आहेत. ते एक माणूस उभा करतात, त्याची गाळण उडते आणि आपण हसतो. खालची उत्तरं याच बाजूने लिहिली आहेत.

ते मूळचे कुठले? लहानपण कुठे गेलं?

जन्म मुंबईचा, ४ जून १९४७. वाढले दक्षिण मुंबईतल्या चिखलवाडीत. घराण्याचं कुलदैवत गोव्यातलं मंगेशी. त्या काळी अशोककुमार यांची लोकप्रियता प्रचंड होती, त्यांच्यावरूनच मुलाचं नाव अशोक ठेवलं गेलं. गिरगाव, ग्रँट रोड, ताडदेव हा पट्टा तेव्हा मराठी नाटकवेड्यांचा. साहित्य संघ चालत जाण्याच्या अंतरावर, गणेशोत्सवात गल्लोगल्ली नाटकं. मुलाच्या अंगात नाटक शिरायला वेगळी शिकवणी लावावी लागत नव्हती.

अभिनयात कसे आले? बँकेत नोकरी होती हे खरं का?

खरं आहे. त्यांचे मामा गोपीनाथ सावकार हे नाट्यसृष्टीतलं वजनदार नाव. दिग्दर्शक, नट, निर्माते. घरात नाटक होतं ते असं. शिरवाडकरांच्या 'ययाति आणि देवयानी'मध्ये विदूषकाची भूमिका करत अशोक सराफ व्यावसायिक रंगभूमीवर आले. संस्कृत वळणाच्या संगीत नाटकातला विदूषक ही सोपी कामगिरी नाही. भाषा जड, भोवती गाणारे नट, आणि यानं मध्ये येऊन प्रेक्षकाला मोकळं करायचं. उच्चार आणि शब्द टाकण्याची वेळ या दोन्हींचा सराव तिथे झाला असणार असं मला वाटतं. पुढे कितीही गावरान भूमिका केल्या तरी त्यांचा शब्द कधी गिळला जात नाही.

घरच्यांना मात्र मुलाला पक्की नोकरी हवी होती. म्हणून स्टेट बँक. दिवसा काउंटर, संध्याकाळी तालीम, रात्री प्रयोग. बरीच वर्षं हे असंच चाललं. त्या पिढीतल्या अनेक मराठी नटांना बँकांनी, सरकारी कचेऱ्यांनी आणि आंतरबँक नाट्यस्पर्धांनी पोसलं. महिन्याचा पगार चालू असल्यामुळे नटाला हवं ते नाटक करता येत होतं. मराठी रंगभूमीचा इतिहास लिहिताना या नोकऱ्यांवर एक प्रकरण असायला हवं.

सिनेमात नाव कधी झालं?

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून छोट्या भूमिका चालू होत्या, पण लोकांनी नाव विचारलं ते 'पांडू हवालदार'नंतर. साल १९७५. दादा कोंडके यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिला चित्रपट. दादा पांडू आणि अशोक सराफ दुसरा हवालदार, सखाराम.

दादांच्या शेजारी उभं राहून टिकणं अवघड होतं. दादांचा विनोद उसळता, द्वयर्थी, थेट प्रेक्षकाकडे बघून टाकलेला. त्या माऱ्यात समोरचा नट बहुतेक वेळा वाहून जायचा. अशोक सराफ यांनी दादांशी चढाओढ केलीच नाही. दादा वेगात असले की हे ठाय लयीत. दादा प्रेक्षकाशी बोलायला लागले की हे दृश्यातल्या माणसाशीच बोलत राहतात. दोन वर्षांनी आलेल्या 'राम राम गंगाराम'मध्ये त्यांनी म्हमदू खाटीक केला. या दोन भूमिका सलग पाहिल्या तर चालणं, मान, हेल, सगळं बदललेलं दिसतं. चरित्र अभिनेता म्हणतात तो याला.

बोटातल्या नटराजाच्या अंगठीची गोष्ट काय आहे?

एका रंगभूषाकार मित्रानं अंगठ्यांची पेटी पुढे केली, त्यातली नटराजाची अंगठी त्यांनी उचलून बोटात घातली, आणि लगोलग 'पांडू हवालदार'चं बोलावणं आलं. तेव्हापासून ती अंगठी बोटात आहे. त्यांनी स्वतःच हे अनेकदा सांगितलं आहे. आता कुठलाही जुना सिनेमा पाहताना हाताकडे लक्ष ठेवा, हवालदार असो की शेठ, अंगठी दिसेल.

'हमीदाबाईची कोठी'चा उल्लेख एवढा का होतो?

कारण विनोदी नट म्हणून शिक्का बसत असतानाच त्यांनी हे नाटक केलं. लेखक अनिल बर्वे, दिग्दर्शन विजया मेहता. गाण्याची कोठी, बदललेला काळ, रेकॉर्डवरच्या गाण्यापुढे हरत चाललेली मैफल आणि त्या घराच्या आधाराने जगणारी माणसं. सोबत नीना कुळकर्णी, नाना पाटेकर. नाना आणि अशोक सराफ यांची दोस्ती याच नाटकापासूनची.

विजयाबाईंच्या तालमीत नटाची लकब, हुकमी हशा, टाळीची जागा यांतलं काही चालत नसे. रंगमंचावर उगाच हात हलला तरी त्याचा हिशोब मागितला जाई. लोकप्रिय होत असलेल्या नटाने अशा तालमीत स्वतःहून जाऊन बसणं मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढच्या दशकातल्या त्यांच्या सिनेमातल्या धांगडधिंग्यातही एक शिस्त दिसते. इतर नट ओरडत असताना ते गप्प उभे राहू शकतात, आणि आपली नजर त्यांच्यावरच खिळते.

'व्याख्या विख्खी वुख्खू' कुठून आलं?

'धूमधडाका'तून, १९८५. महेश कोठारे यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट, मूळ तमिळ 'काधलिक्क नेरमिल्लै'वर बेतलेला. प्रसंग असा: मित्राच्या लग्नासाठी अशोक गुपचूप हा इसम गडगंज श्रीमंत यदुनाथ जवळकर बनून धनाजीराव वाकडे यांच्या घरी येतो. धनाजीराव म्हणजे शरद तळवलकर. श्रीमंत म्हटल्यावर तोंडात पाइप हवा. पाइप ओढला की धूर घशात जाणार. धूर गेला की ठसका लागणार. त्या ठसक्यातून ही तीन निरर्थक अक्षरजुळणी बाहेर पडते.

कुठल्याही लेखकाने ही ओळ टेबलावर बसून लिहिली नसती. खोट्या श्रीमंताला पाइप ओढता येत नाही, एवढंच त्यात आहे. पण ठसका लागला म्हणून त्याने सोंग सोडलं, असं होत नाही. उलट तो ठसकाही जवळकरांच्या ऐटीचाच भाग असावा अशा थाटात तो पुढे बोलत राहतो. समोर तळवलकर. त्यांनी आयुष्यभर असेच भांबावलेले गृहस्थ रंगवले होते, ते हे सगळं आदराने ऐकून घेतात. ऐकणारा एवढा पक्का नसता तर बोलणारा तोंडघशी पडला असता. मराठी विनोदी अभिनयाच्या दोन पिढ्या त्या दिवाणखान्यात समोरासमोर बसल्या आहेत.

'अशी ही बनवाबनवी' इतकी वर्षं कशी टिकली? त्यात त्यांचा वाटा किती?

२३ सप्टेंबर १९८८ला आलेला हा चित्रपट. दिग्दर्शन सचिन पिळगांवकर, संवाद वसंत सबनीस, निर्मिती किरण शांताराम. कल्पनेचं मूळ 'बीवी और मकान' या १९६६च्या हिंदी चित्रपटात. पुण्यात भाड्याची खोली मिळत नाही, जोडप्यांनाच मिळते, म्हणून चौघांपैकी दोघं बायका बनतात. घराची अडचण खरी होती म्हणून त्यावरचं सोंग लोकांना पटलं.

साडी नेसलेले लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन यांच्याकडे पहिलं लक्ष जातं आणि टाळ्याही त्यांना मिळतात. पण सिनेमाचा कणा धनंजय माने आहे. चौघांत कमावता तोच. भाडं, जेवण, शेजारी, मालक, नोकरीच्या ठिकाणची माधुरी मॅडम, सगळ्यांना तोंड देणारा तोच. बाकीच्यांनी केलेला घोळ निस्तरायचा याने, आणि त्यासाठी नवी थाप मारायचीही यानेच. तो सतत विचार करत असतो आणि तो विचार आपल्याला चेहऱ्यावर दिसतो. थाप सुचण्याआधीचा अर्धा क्षण ते जसा घेतात, तो मी दुसऱ्या कुणात पाहिलेला नाही.

घरमालकीण लीलाबाई काळभोरांपुढे माने 'हा माझा बायको पार्वती' म्हणतात तो क्षण घ्या. जीभ घसरली आहे. साधा विनोदी नट इथे प्रेक्षकासाठी थांबला असता, डोळे मोठे केले असते. धनंजय माने थांबत नाही, कारण थांबला तर घर जाईल. वाक्य सावरायची घाई, बाईंच्या कानावर गेलं की नाही याची धास्ती आणि चेहऱ्यावर मात्र नवऱ्याचा साळसूदपणा, हे एका वेळी चाललेलं असतं.

दुसरा प्रसंग सत्तर रुपयांचा. आधीचे घरमालक विश्वासराव सरपोतदार यांच्याकडून मधुमेहाच्या परदेशी औषधासाठी घेतलेले पैसे. औषध आणणारा माणूस वारला, हे माने सांगतात. पैशांचं काय म्हटल्यावर तेही वारले, हे सांगतात. गंमत त्या सुरात आहे. आवाजात खरोखरचा सुतकी जडपणा आहे, भेटायला आलेल्या नातेवाइकाला द्यावं तसं उत्तर. आणि समोर सुधीर जोशी. त्यांच्या सरपोतदारांशिवाय ही जुगलबंदी झालीच नसती. सुधीर जोशींवर असं सविस्तर कुणीतरी लिहायला हवं, ते मोठे नट होते.

जाता जाता: पुढे अशोक सराफ यांच्याशी लग्न झालेल्या निवेदिता जोशीही या चित्रपटात आहेत, पण त्यांची जोडी सिद्धार्थ रे यांच्याबरोबर आहे. अशोक सराफ यांच्यासमोर अश्विनी भावे.

लक्ष्मीकांत बेर्डे श्रेष्ठ की अशोक सराफ?

हा वाद मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालेल आणि तो मला निरर्थक वाटतो, पण दोघांतला फरक सांगण्यासारखा आहे. लक्ष्मीकांत यांच्याकडे निर्व्याज धांदल होती. पडद्यावर आले की ऊर्जा वाढायची, आणि त्यांचं संकट कितीही मोठं असलं तरी ते लहान मुलासारखे त्यातून निसटतील असा भरवसा वाटायचा. अशोक सराफ यांच्या माणसाला परिणामांची जाणीव असते. तो घाबरतो ते पुढचं दिसत असल्यामुळे. म्हणून एकाने गोंधळ घालायचा आणि दुसऱ्याने आवरायचा ही वाटणी इतकी जमली. 'धूमधडाका', 'बनवाबनवी', 'एकापेक्षा एक', 'शेजारी शेजारी', कुठलाही सिनेमा घ्या, आतली रचना हीच. १६ डिसेंबर २००४ला लक्ष्मीकांत गेले आणि ही जोडी तिथे संपली. त्या जागी कुणाला बसवायचा प्रयत्न अशोक सराफ यांनी केला नाही.

नायिकांपैकी जोडी कुणाबरोबर जमली?

रंजना. 'गोष्ट धमाल नाम्याची' आणि 'बिन कामाचा नवरा' हे दोन्ही १९८४चे सिनेमे पाहा. रंजनांचा ठसका आणि टायमिंग असं होतं की त्यांच्यासमोर नायकाला सुस्तावून चालत नसे. अपघातामुळे त्यांची कारकीर्द मध्येच तुटली नसती तर या जोडीने अजून बरंच काही दिलं असतं.

त्यांनी गाणंही म्हटलं आहे का?

हो. 'कळत नकळत' (१९८९) मधलं 'नाकावरच्या रागाला औषध काय' हे गाणं त्यांच्याच आवाजात आहे. शब्द सुधीर मोघे, संगीत आनंद मोडक. तयारीच्या गायकाने ते म्हटलं असतं तर बिघडलं असतं. रुसलेल्या पोरीला हसवायला घरातला मोठा माणूस जसं गाईल, तसं ते गायलं आहे. आणि 'गंमत जंमत' (१९८७) मधलं 'अश्विनी ये ना' त्यांच्यावर चित्रित झालं आहे, आवाज किशोरकुमार आणि अनुराधा पौडवाल यांचा. किशोरदांनी मराठीत फार कमी गायलं, त्यातलं हे सर्वांत गाजलेलं.

गंभीर भूमिका केल्या का?

केल्या, आणि लोक त्या विसरतात याचं मला वाईट वाटतं. 'कळत नकळत' हा मोडू पाहणाऱ्या संसाराचा सिनेमा आहे. मोठ्यांच्या भांडणात मुलांची फरपट होते आणि त्या घरात हसू आणणारा हा एकटा माणूस. त्याला हसवावंच लागतं, कारण दुसरं कुणी हसवण्याच्या अवस्थेत नाही. 'चौकट राजा' (१९९१) मध्ये दिलीप प्रभावळकरांच्या नंदूवर सगळ्यांचं लक्ष असतं, ते योग्यच आहे, पण नंदूला सांभाळून घेणारा गणा पाहा. तिथे अशोक सराफ नंदूच्या पुढे जाण्याचा एकदाही प्रयत्न करत नाहीत. 'वजीर', 'भस्म' ही नव्वदच्या दशकातली आणखी नावं. 'आयत्या घरात घरोबा' (१९९१) तर विनोदी म्हणून ओळखला जातो, पण श्रीमंताच्या रिकाम्या बंगल्यात मुक्काम ठोकणाऱ्या भटक्याची ती भूमिका मला त्यांच्या उत्तम चारांत धरावीशी वाटते. फुकट राहणारा माणूस, पण घरात सर्वांत भारदस्त तोच.

सगळेच सिनेमे चांगले होते का?

नाही. ऐंशीच्या उत्तरार्धात विनोदी सिनेमा चालतो हे कळल्यावर एकाच साच्याचे चित्रपट धडाधड निघाले. तीच वेशांतरं, तेच भूत, तेच जुळे. त्यातले बरेच आज पाहवत नाहीत, आणि बायकांवरचे काही विनोद तेव्हाही खटकायला हवे होते. अशोक सराफ या लाटेत सर्वांत जास्त वापरले गेलेले नट. पण पडेल सिनेमातही ते कामचुकारपणा करताना सापडत नाहीत. कथा लटपटत असते आणि हा माणूस पोटतिडकीने आपल्या पात्राची अडचण सोडवत असतो.

हिंदीत म्हणावं तसं यश का मिळालं नाही?

हिंदी सिनेमानं त्यांना मुनीम, नोकर, हवालदार याच कप्प्यात ठेवलं. 'करण अर्जुन'मधला मुनीम लोकांच्या तोंडी आहे, 'गुप्त' आणि 'येस बॉस' आहेत, 'सिंघम'मधला हेड कॉन्स्टेबल तर सुंदर आहे. पण ज्याला मराठीत अख्खा सिनेमा पेलायला दिला जात होता, त्याच्या वाट्याला तिथे चार प्रसंग येत.

दूरचित्रवाणीनं ही कसर भरून काढली. १९९५ला झी टीव्हीवर आलेली 'हम पांच'. पाच मुली, दुसरी बायको आणि भिंतीवरच्या फोटोतून बोलणारी पहिली बायको, म्हणजे प्रिया तेंडुलकर. या सगळ्यांत सापडलेला आनंद माथूर. देशभरच्या हिंदी घरांना अशोक सराफ समजले ते इथे. त्रासलेला पण मायाळू बाप त्यांनी असा केला की मुलींच्या प्रत्येक उपद्व्यापाआधी कॅमेऱ्याला त्यांचा चेहरा हवासा वाटायचा.

नाटक सुटलं का?

कधीच नाही. चित्रपटांचा भर असतानाही व्यावसायिक नाटकं चालू होती, आणि सत्तरी ओलांडल्यावर चिन्मय मांडलेकर यांच्या 'व्हॅक्यूम क्लीनर'मध्ये निर्मिती सावंत यांच्याबरोबर ते उभे राहिले. नवरा-बायकोची अदलाबदल होते, एकाच्या शरीरात दुसरा. त्या वयाच्या नटाला बायकोची देहबोली आणायची होती आणि साडी नव्हती. साडीशिवाय बाई दाखवायची, तीही टवाळी न करता, हे सोपं नाही.

घरचं?

१९९०मध्ये निवेदिता जोशी यांच्याशी लग्न झालं, गोव्यात मंगेशीच्या देवळात. निवेदिता स्वतः उत्तम अभिनेत्री आहेत, त्यांना केवळ 'अशोक सराफांची पत्नी' म्हणू नये. मुलगा अनिकेत शेफ आहे.

सगळे त्यांना 'मामा' का म्हणतात?

एका चित्रीकरणाच्या वेळी कॅमेरामननं आपल्या छोट्या मुलीशी ओळख करून देताना 'हे अशोकमामा' असं सांगितलं. तिचं ऐकून युनिट म्हणायला लागलं, मग इंडस्ट्री, मग महाराष्ट्र.

मोठे सन्मान कोणते?

महाराष्ट्र भूषण २०२३चा, २०२४मध्ये प्रदान झाला. संगीत नाटक अकादमी पुरस्कार २०२२चा. पद्मश्री २०२५. विनोदी भूमिका करणाऱ्यांकडे आपल्याकडचे पुरस्कार नेहमीच उशिरा वळतात. दामुअण्णा मालवणकर, राजा गोसावी, शरद तळवलकर या परंपरेतल्या एकाला हे सगळं डोळ्यांदेखत मिळालं याचा मनापासून आनंद आहे.

सध्या काय करतात?

कामच. २०२४मध्ये 'नवरा माझा नवसाचा २' आला, त्याच वर्षी कलर्स मराठीवर 'अशोक मा. मा.' ही मालिका सुरू झाली, २०२५ला वंदना गुप्ते यांच्याबरोबर 'अशी ही जमवा जमवी'.

मुलांना किंवा नव्या प्रेक्षकाला दाखवायला सुरुवात कुठून करावी?

'बनवाबनवी' त्यांनी पाहिलेलीच असेल. नसेल तर तिथून. मग 'धूमधडाका', तोही तळवलकरांच्या दिवाणखान्यापर्यंत तरी सलग. त्यानंतर लगेच 'कळत नकळत' लावा, म्हणजे हाच माणूस आवाज न चढवता काय करतो ते कळेल. 'पांडू हवालदार' थोड्या मोठ्या मुलांसाठी. आणि सुट्टीत घरातले सगळे एकत्र असतील तर पहिला 'नवरा माझा नवसाचा'. गणपतीपुळ्याला निघालेली एसटी, तिच्यात कंडक्टर अशोक सराफ. ज्यांनी कोकणात जाणाऱ्या लाल डब्यातून प्रवास केला आहे त्यांनी तिकीट फाडताना, सुट्ट्या पैशांवरून वाद घालताना आणि घंटेची दोरी ओढताना त्यांच्या हातांकडे बघावं. अंगठी तिथेही आहे.